मेलेल्या बॅटरीची साक्ष

"आधी त्याला सोडा!" घोड्यावरून उतरण्याआधीच फौजदार चिमाजी शिळीमकर ओरडले.

दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. लष्करानं मोडीत काढलेला एक बुलडोझर सोनबा ठेकेदारानं आणला होता आणि वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी तो डोंगर कापत होता. त्या खोऱ्यात तोवर बैलगाडीपेक्षा मोठं चाक कुणी पाहिलं नव्हतं. बाया त्याला लोखंडी रेडा म्हणायच्या. आज त्या रेड्याच्या पात्याला एक माणूस दाव्यानं बांधलेला होता. ओठ फुटलेला, एक डोळा सुजून मिटलेला.

तो मन्सूर, भोरचा मेकॅनिक. बुलडोझरची देखभाल त्याच्याकडे होती.

फौजदार आले होते वेगळ्याच कामासाठी. परवा दुपारी इथंच दरड कोसळून बनाबाई नावाची मजूर बाई गाडली गेली होती. तिचा नवरा कोंडिबा गुंजवण्याहून नसरापूरपर्यंत चालत गेला आणि फौजदारांना घेऊनच परतला. वाटभर तो एकच वाक्य बोलला होता. "साहेब, दरड आपसूक न्हाई पडली."

वाटेवर आणखी एक बाई आडवी आली होती. फुलाबाई, ठेकेदाराच्या तंबूवर धुणीभांडी करणारी.

"साहेब, मला काल कामावरनं हाकललं. म्हणं मालकाचं धोतर फाडलंस! आवो, दगडावर आपटलंबी न्हाई म्या. नुसतं पिळलं, तर हातात चिंध्या आल्या. नवं धोतर, अन् शिजल्या भाजीवानी झालेलं!"

"बाई, मी मेलेल्या माणसाचा तपास करायला निघालोय. धोतराचा नाही," असं म्हणून फौजदारांनी घोडा पुढे काढला होता.

मन्सूरला सोडवल्यावर सोनबा ठेकेदार पुढे आला. तालमीतलं अंग, खांद्यावर काळीभोर घोंगडी, खाली खळही न गेलेलं करकरीत धोतर.

"साहेब, हरामखोराला सोडवताय. यानं माझ्या यंत्राची बॅटरी मारून टाकली. कामावरनं काढणार होतो, म्हणून सूड घेतला."

"कधी मारली?"

"दरडीच्या आधी, आठवडा झाला आसंल. तवापास्नं यंत्र जागचं हललं न्हाई."

"म्हणजे परवा यंत्र बंद होतं?"

"मड्यासारखं. दरड पडली ती देवाच्या मनात आलं म्हणून."

कोंडिबा उसळला. "खोटं! बना रोज घरी येऊन सांगायची, डोक्यावर यंत्र घरघरतंय, काळीज हलतंय म्हणून!"

सोनबा हसला. "आता मेलेल्या बाईची साक्ष काढतोस व्हय रं?"

फौजदारांची कानशिलं तापली. त्यांनी मजुरांना एकेकट्याला बोलावलं. लांबून, घाटाखालून आणलेली माणसं. कामावरच राहणारी, ठेकेदाराच्या कोठीतलंच धान्य खाणारी. प्रत्येकाचं उत्तर एकच. "आमी खाली व्हतो साहेब. यंत्र बंद व्हतं." शब्दाला शब्द तोच. पढवलेल्या पोपटांत तरी थोडाफार फरक असतो.

मग ज्ञानू ड्रायव्हर आला. खाकी अर्धी विजार, नजर जमिनीवर.

"यंत्र परवा चालवलंस?"

"न्हाई."

"माझ्याकडे बघून सांग."

"न्हाई जी," तो पुन्हा जमिनीलाच म्हणाला.

"साहेब," सोनबा मध्येच बोलला, "पुरावा हवा ना? बॅटरीचं तेजाब कपडा खातं. म्या सगळ्यांची कापडं तपासली. भोकं फकस्त या मन्सूरच्या सदऱ्याला हायत."

"माझं कामच त्ये हाय!" मन्सूर रक्त थुंकून म्हणाला. "बारा महिने माझ्या सदऱ्याला भोकं असतात. लोहाराच्या हाताला काजळी लागली म्हणून त्यानं घर पेटवलं व्हय?"

"तुम्ही गेला होता का बॅटरीजवळ?" फौजदारांनी सोनबाला विचारलं.

"म्या? कदी बोट लावलं न्हाई." त्यानं घोंगडी खांद्यावरून ओढून फौजदारांच्या तोंडापुढे फडकावली. "थंडी पडल्यापास्नं ही अंगावर हाय. दाखवा एक तरी भोक!"

फौजदारांनी घोंगडी उन्हाला धरून पाहिली. खरंच, एकही भोक नव्हतं. ती त्यांनी परत केली नाही. घडी करून स्वतःच्या काखेत धरली.

"मन्सूर, बॅटरी उघड. आणि काय करतोस ते मोठ्यानं सांग. मला यातलं काही कळत नाही."

मन्सूरनं जुन्या कांबळ्याचा एक तुकडा कमरेपासून गुडघ्यापर्यंत बांधला. मजुरांत एकजण फिसकन हसला. "बघा, परकर नेसला!"

"हसा," मन्सूर म्हणाला. "सुती कापडावर तेजाब पडलं तर दिसत न्हाई. धुतलं की जातं चिंध्या होऊन. लोकरीला त्ये लवकर खात न्हाई. म्हणून हा परकर."

फौजदारांनी काखेतली घोंगडी घट्ट धरली.

सीटखालून बॅटरीच्या दोन जड पेट्या बाहेर काढल्या. मन्सूरनं बुचं उघडली आणि काचेची नळी आत बुडवून रबरी फुग्यानं पाणी वर ओढलं. नळीत एक छोटा काटा तरंगण्यासाठी होता. तो तरंगलाच नाही, तळाशी बसला.

"तेजाब जड असतं, त्यात काटा वर राहतो. हितं नुसतं पाणी हाय. नदीचं. कुणीतरी तेजाब ओतून दिलंय."

"तूच ओतलंस!" सोनबा गरजला.

"बॅटरी आपोआप उतरली असती तर?" फौजदारांनी विचारलं.

"तर तेजाब पातळ झालं असतं, पण इतकं न्हाई. अन् हे बघा." मन्सूरनं बुचाच्या भोकाकडे बोट दाखवलं. "आठवडाभर अशी पडली असती तर आतल्या शिशाच्या पट्ट्या मिठासारख्या पांढऱ्या पडल्या असत्या. ह्या अजून चॉकलेटी हायत. तेजाब काढलं तवा बॅटरी जिती होती. ताकद पट्ट्यांत असती, साहेब. ताजं तेजाब घातलं की ती बोलंल."

"घाल."

"साहेब, हा यंत्र जाळंल!" सोनबा पुढे सरसावला. फौजदारांच्या शिपायानं त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

मन्सूरनं पाणी काढून टाकलं. पेंढ्यात बांधलेल्या काचेच्या बुधल्यातलं तेजाब एकेका भोकात सावकाश भरलं. पट्ट्यांना ते मुरायला हवं, म्हणून सगळे उन्हात थांबले. कुणी तंबाखूसुद्धा मळली नाही. मग पेट्या जागेवर बसवून त्यानं तारा जोडल्या आणि ज्ञानूला हाक मारली. "चढ. दाब बटन."

ज्ञानू चढला. त्यानं बटन दाबलं.

यंत्र एकदा कण्हलं. पुन्हा कण्हलं. मग काळा धूर सोडून असं धडधडलं, की झाडावरची पाखरं उडाली.

फौजदार सोनबाकडे वळले. इतका वेळ कोंडलेला राग आता वर आला.

"आठवडाभर मेलेलं यंत्र! परवा दरड कोसळली तेव्हा या पेट्या जिवंत होत्या, ठेकेदार. यंत्र चालत होतं. बाई मेल्यावर तुम्हाला ते मेलेलं हवं झालं. म्हणून पेट्या कलंडवून तेजाब ओतलंत आणि नदीचं पाणी भरलंत. नाव मन्सूरचं, कारण त्याला यंत्राची नाडी कळते. उद्या तोच सांगणार होता, की यंत्र धडधाकट होतं."

"घोंगडी बघितली ना तुमी? भोक कुठं हाय?"

"घोंगडी लोकरीची आहे. हा सारा वेळ तुम्ही निर्दोषपणाचा दाखला म्हणून मिरवलीत ती! सगळ्यांची कापडं तपासलीत, स्वतःचं धोतर तेवढं दाखवलं नाहीत. ते घोंगडीखाली भिजलं होतं. वर डाग नाही, म्हणून तुम्ही ते नेहमीसारखं धुवायला टाकलंत. फुलाबाईच्या हातात त्याच्या चिंध्या झाल्या, आणि कामावरून गेली ती बिचारी. बॅटरीला बोट न लावणाऱ्या माणसाच्या धोतरावर तेजाब आलं कुठून?"

सोनबा मागच्या मागे सरकू लागला. शिपायानं त्याचे हात मागे बांधले, मघाच्याच दाव्यानं.

"आणि तू!" फौजदार यंत्रावर बसलेल्या ज्ञानूवर ओरडले. "आता तरी बोल!"

ज्ञानूनं डोकं दोन्ही हातांत धरलं. "म्या नको म्हनत व्हतो. खाली बाय हाय म्हनलं. मालक म्हनले, बाया रोजच असत्यात, ढकल. रस्त्याचे मोठे साहेब आज काम बघाया येनार. म्या ढकललं. ती वर बघून हात हालवत व्हती..."

कोंडिबा यंत्राजवळ गेला. मजुरांना वाटलं, आता हा ज्ञानूला खाली ओढणार. ते बाजूला सरले. एकानं खाली पडलेला दगडही त्याच्या पायाजवळ सरकवला.

कोंडिबानं दगडाला हात लावला नाही. त्यानं नुसतं वर बघून विचारलं, "हात हालवताना काय म्हनत व्हती ती?"

ज्ञानूचे ओठ हलले. यंत्राच्या धडधडीत काहीच ऐकू आलं नाही.

"काय?" कोंडिबा कानाशी हात नेऊन ओरडला. "काय म्हनत व्हती?"

"ठावं न्हाई, दादा!" ज्ञानू रडत ओरडला. "असाच आवाज व्हता! असाच!"