ताईच्या बाटलीतलं गोड पाणी

"ताई पुन्हा थांबली!" हातातली शिट्टी वाजवायची सोडून चिंगी ओरडली.

सुट्टीतल्या सायकल शिबिरातली जिल्हा संघासाठीची ही निवडफेरी होती. पहिला दीड तास ताई सगळ्यांच्या पुढे होती. मग चढावर तिचे पाय जे गळाले, ते गळालेच. सरावातही दोनदा हेच झालं होतं आणि चिंगीने तिला सगळ्यांदेखत नाटकी म्हटलं होतं. तेव्हापासून दोघींचा अबोला होता. आज ताई सायकल ढकलत आली आणि तिची निवड हुकली.

दुपारी चिंगी आणि तिचा आतेभाऊ बाटल्या विसळत होते. जाड चष्म्यामुळे त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. ओट्यावर दोन ओघळ होते. सरबताच्या ओघळाला मुंग्यांची ही झुंबड, पण शिबिराचे सर सगळ्यांना देत त्या शक्तिपेयाकडे एकही मुंगी फिरकत नव्हती.

प्रोफेसरने बोटाने चाखून पाहिलं. "गोड तर आहे. मग मुंग्या का येत नाहीत?"

हे चिंगीने चार दिवसांपूर्वीच पाहिलं होतं. ताईशी बोलायचं नव्हतं, म्हणून कुणालाच सांगितलं नव्हतं.

सरांचा डोळा लागताच दोघे कोठीत शिरले. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘शक्ती’ होतं आणि मागे बारीक अक्षरांत ‘साखरविरहित’! डबा बगलेत मारून त्यांनी थेट आत्याचं घर गाठलं. आत्या खेळाडूंची डॉक्टर होती.

तिने समजावलं की खाल्लेल्या अन्नातली साखर स्नायू साठवून ठेवतात. जोरात सायकल हाणली की दीड-दोन तासांत तो साठा आटतो. अंगात चरबी उरते, पण ती सावकाश जळते. तिच्यावर वेग टिकत नाही. म्हणून वाटेत साखर पोटात जावी लागते. बाकीची मुलं खिशातले खजूर खात होती. ताई मात्र सरांच्या बाटलीवर विसंबली होती.

"बिचारी नुसतं गोड पाणी पीत होती," आत्या म्हणाली.

दोघांनी शिबिरात परतून डबा सरांपुढे ठेवला. सरांनी तो उलटा करून वाचला. घाईत मागचं वाचलंच नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. दोघांची पाठ थोपटली, त्यांच्या तल्लख नजरेचं कौतुक केलं. पण निवडलेल्यांची यादी पुढे पाठवून झाली होती. ती आता बदलणार नव्हती.

टाळ्या वाजल्या तेव्हा चिंगीला कुठे तोंड लपवू असं झालं.

संध्याकाळी ताई पायरीवर बसून बूट सोडत होती. चिंगीने तिला सगळं सांगितलं. मुंग्या कधी दिसल्या, तेही.

"चार दिवस?" ताईने एवढंच विचारलं.

चिंगीला मान वर करता येईना. दुसराही बूट सोडून झाल्यावर ताई जराशी सरकली आणि तिने पायरीवर जागा केली. बोलली मात्र नाही.