रागासकट

"मागे घे!"

"तू घे मागे!"

सव्वीस डिसेंबर, दुपारचे बारा. गोव्यात पार्स्याच्या पुढची एक अरुंद वाट, दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या भिंती, आणि मधोमध नाकाला नाक लावून उभ्या दोन गाड्या. एका व्हॅनच्या स्टिअरिंगवर गौरवी. समोरच्या पिकअपच्या खिडकीतून अर्धा बाहेर आलेला एक दाढीवाला तरुण, आणि त्याच्या मागे दोरीने बांधलेल्या दोन मोडक्या स्कूटर.

गौरवीचा राग काही त्या तरुणापासून सुरू झाला नव्हता. तो पहाटेपासून साठत होता. सहाला निघायचं ठरलं की तिच्या घरी सव्वानऊला निघतात. डिचोलीतून, म्हणजे त्यांच्या दिवचलातून, बाहेर पडेपर्यंत बाबांना, म्हणजे कृष्णनाथांना, गॅस बंद केला की नाही ते आठवेना. गाडी परत फिरली. समुद्रावर जायचं तरी जेवण घरचंच हवं म्हणून आईने, सुमंगलाबाईंनी, घेतलेली सोलकढी अस्नोड्याच्या वळणावर मागच्या सीटवर सांडली. सुलोचनामावशी प्रत्येक वळणाला लिंबू हुंगायची आणि प्रत्येक सरळ रस्त्यावर भूक लागली म्हणायची. बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू, त्यामुळे गाडी चालवायची गौरवीने आणि सूचना द्यायच्या बाबांनी. शेवटी फोनमधल्या बाईने "उजवीकडे वळा" म्हणून या बोळात आणून घातलं होतं. सहलीला मौज म्हणणारा माणूस कोण होता, तो भेटला असता तर गौरवीने त्याला तिथेच उतरवलं असतं.

आणि हे सगळं तिने सोसलंही असतं, पण गाऱ्हाणं तिला सोसत नव्हतं.

वाटेत दिसेल त्या देवापुढे बाबा गाडी थांबवायला लावत. एकाने हात जोडून मागायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणत आपला होकार मिसळायचा, अशी गाऱ्हाण्याची रीत. बाबा आधी गाडीचं मागत, मग गुडघ्यांचं, आणि शेवटी मुलीसाठी ते ठरलेलं वाक्य. "ह्या माझ्या चेडवाचो राग शांत कर आणि तेका चांगला घर मिळांदे, म्हाराजा!" की आई आणि मावशी एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

तीन स्थळं येऊन परत गेली होती. मुलगी चांगली, पण तापट. वाळपईच्या सरकारी कचेरीत हीच तापट मुलगी वर्षानुवर्षं अडलेले लोकांचे कागद साहेबाच्या टेबलावर आपटून मार्गी लावायची, ते कुणी बोलत नसे. घरात मात्र तिच्या रागाला खोकल्यासारखं औषध शोधलं जाई. तिला एवढंच हवं होतं... कुणीतरी एकाने तिला रागासकट पाहावं, आणि "शांत हो" म्हणू नये. सत्तावीस वर्षांत असं एकही माणूस भेटलं नव्हतं.

"माझ्या मागे सहा गाड्यो आसत!" ती ओरडली.

"माझ्या मागे दोन ट्रॅक्टर आणि एक म्हस आसा," तो ओरडला. "म्हस रिव्हर्स घेणा नाय!"

"मगे म्हशीक सांग, गाडी चलवूक ती तुझ्यापेक्षा बरी!"

"सुट्टी पडली की टुरिस्ट घुसतत खंयच्याय वाटेन..."

"टुरिस्ट? टुरिस्ट कोणाक म्हणतंस? नंबर बघ गाडयेचो! मी दिवचलची!"

त्याने वाकून नंबर पाहिला. "दिवचलची? गोंयची असून त्या फोनातल्या बायचा ऐकलंस?"

हे मात्र वर्मी बसलं. ती आणखी संतापली.

"गो, शांत हो," आई म्हणाली. "शांत, शांत," मावशी लिंबाआडून म्हणाली. "गौरवी, शांत," बाबा म्हणाले.

तो तरुण तेवढा म्हणाला, "आणखी जोरान बोल. मागचो ट्रॅक्टरवालो बहिरो आसा."

गौरवीला हसू आलं. तिने ते दातांखाली दाबलं, रागारागाने किल्ली फिरवली... आणि व्हॅन नुसती खोकली. भांडण चालू असताना बाबांनी भजनं लावून ठेवली होती. जुनी बॅटरी तेवढ्यात बसली.

आता मागे जायचं की पुढे, हा प्रश्नच मिटला. वाटेच्या कडेला आंब्याखाली शेंदूर लावलेला पाषाण होता, त्या गावचा राखणदार. बाबांना तेवढं पुरे झालं. ते उतरले, हात जोडले, गाडी सुरू झाली तर नारळ देईन असं बोलले, आणि मग त्या परक्या माणसांच्या घोळक्यासमोर तेच वाक्य. चेडवाचो राग शांत कर. आई, मावशी, दोन्ही ट्रॅक्टरवाले, मागच्या सहा गाड्यांतले लोक, सगळ्यांनी बोळ दणाणून सोडला. "व्हय म्हाराजा!"

गौरवीचे कान लाल झाले. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. आणि तेव्हाच तिला दिसलं - व्हॅनचं बॉनेट उघडून वाकलेला तो तरुण गप्प होता. त्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

त्याचं नाव साईश. घर त्याच गावात, आणि हरमलला त्याचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज. बोळ मोकळा करून त्याने पिकअप वळवली, व्हॅनच्या स्टिअरिंगवर मागच्या गाडीतल्या एकाला बसवलं, आणि तिथवर व्हॅन ओढून नेताना गौरवी पिकअपमध्ये त्याच्या शेजारी बसली होती, खिडकीकडे तोंड करून. मांद्रे आलं तशी ती वळली.

"तू कित्या नाय म्हटलंस?" तिने एकदम विचारलं. "व्हय म्हाराजा."

"गाडयेच्या वेळार म्हटलंय."

"आणि रागाच्या?"

त्याने गिअर बदलला. "मी मेकॅनिक. चलणारी वस्तू मी खोलणय नाय."

पुढचे दोन किलोमीटर गौरवीने खिडकीबाहेरची एकही गोष्ट पाहिली नाही.

बॅटरी बदलून होईस्तोवर सूर्य समुद्रात गेला. सहल झाली ती अशी; पाय भिजायचे राहिले ते राहिलेच. पण जानेवारीत एका मंगळवारी साईश वाळपईच्या कचेरीत तिच्या टेबलासमोर उभा.

"हंय खंय?"

"स्कूटरचो पार्ट हवो होतो. हरमलात गावणा नाय."

हरमलहून पार्ट आणायला म्हापसा ओलांडून वाळपईला येणारा मेकॅनिक तिने आधी पाहिला नव्हता. "गावलो?" तिने फायलीतून मान न काढता विचारलं.

"...दिसलो," तो म्हणाला, आणि चहा न पिता पळाला.

मग फोन सुरू झाले. ती दिवसभराचे राग सांगायची: साहेब, बस, शेजारणीचा मिक्सर. तो आपले सांगायचा: भाड्याची स्कूटर लाटांत धुवायला नेणारे पाहुणे, पेट्रोलच्या टाकीत पाणी घालणारे पाहुणे. दोघं तासभर तावातावाने बोलायची आणि फोन ठेवताना दोघांनाही हलकं वाटायचं. प्रेम वगैरे शब्द कुणी काढला नाही. तो काढेल म्हणून ती थांबली होती, आणि तो काढत नाही म्हणून चिडत होती.

मार्चअखेर तिनेच सांगितलं, "फोंड्याचा स्थळ इला हा. आयतवारी बघूक येतले."

पलीकडे पाना खाली पडल्याचा आवाज आला. मग एकच शब्द. "बरा."

त्या "बरा"वर गौरवी तीन दिवस धुमसत होती. अन्न गोड लागेना, झोप येईना, आणि फोनही तिने उचलला नाही.

बाबांना मात्र बोललेला नारळ आठवला. फोंड्याची माणसं यायच्या आत तो फेडायला हवा. गुड फ्रायडेची सुट्टी आली, आणि मुलीचा हात अलीकडे गाडीवर नीट नाही म्हणून बाबांनी परस्पर साईशलाच चालवायला बोलावलं. माणूस ओळखीचा, वाट त्याच्या गावची. गौरवी मागे, सोलकढीच्या डागावर. आरशात दोनदा नजरानजर झाली. दोन्ही वेळा तिने तोंड फिरवलं.

लांबलचक सुट्टीला सगळा देश गोव्यात आला होता. कोलवाळपासून गाड्यांची रांग. पुढच्या सीटवर बाबा पेटले. उलट्या बाजूने घुसणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी खिडकीतून मान काढून सुनावलं, एका बसवाल्याचा तर सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला. धारगळ येईपर्यंत त्यांचा घसा बसला. पार्स्याला फक्त वारा येत होता. एवढ्या वेळात त्यांना "शांत हो" म्हणायचं आई-मावशीला सुचलं नाही, हे गौरवीच्या लक्षात आलं.

बोळात काजूच्या बोंडांचा गोडसर वास भरला होता. आंब्याखाली सगळी उतरली. बाबांनी गळ्याकडे बोट दाखवून नारळ साईशच्या हातात दिला. देव त्याच्या गावचा, गाऱ्हाणं त्यानेच घालावं. कानाशी वाकून ते कसेबसे फुसफुसले, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "फोंड्याच्या स्थळाचा सांग... आणि रागाचा."

गौरवीने साईशकडे पाहिलं. आता हाही म्हणणार.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!" साईशने सुरुवात केली. "मागे तुका बोललेलो नारळ आज दितत, तो गोड मानून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोलवाळची गर्दी, धारगळची गर्दी, त्या फोनातल्या बायची चूकभूल, सगळा समुद्रात बुडव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या गौरवीचो राग..." तो थांबला. तिने डोळे मिटले. "...आसा तसोच ऱ्हवांदे! थेंबभरय कमी करू नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई आणि मावशी ओघात म्हणून गेल्या, आणि मग एकमेकींकडे पाहू लागल्या.

"आणि त्या रागासकट... ता माझ्या घराक येवंदे, म्हाराजा."

बाबांचं तोंड उघडलं, पण आवाज नव्हता. मावशीच्या हातातलं लिंबू पडलं. घातलेलं गाऱ्हाणं होकाराशिवाय सोडायचं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक, आणि सगळे गौरवीकडे बघत होते.

"तीन म्हयने फोनार बोलतंस, तेव्हा वाचा गेली होती?" ती कडाडली. "माका विचारूचा सोडून देवाक मधी घालतंस? आणि 'बरा'? बरा म्हटलंस तू माका!"

"रागान नाय म्हणशीत... म्हणान भियालंय," तो नारळ छातीशी धरून म्हणाला. "आता काय ता देवाक सांग."

तिचे डोळे भरले होते आणि त्याचाही तिला राग येत होता. तिने हात जोडले, पाषाणाकडे वळली आणि भांडायच्याच आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

बाबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तीन स्थळं परत गेली होती, फोंड्याचे अजून यायचे होते, आणि हा नारळ धरून समोर उभा होता. त्यांनी मान हलवली. बसलेल्या घशातून एवढंच आलं, "...व्हय."

नारळ फुटला. तेवढ्यात बोळात मागे एक गाडी येऊन थांबली आणि तिने कर्कश हॉर्न दिला. एकदा. दोनदा. गौरवीने ओढणीची गाठ कमरेला मारली आणि त्या गाडीच्या दिशेने निघाली.

"गो, शांत..." आईने सुरुवात केली, आणि साईशकडे पाहून तोंड मिटलं.

साईश खोबऱ्याचा तुकडा मोडत मागून ओरडला, "जोरान बोल गो! काचो वर आसत तेंच्यो!"