गच्चीवरचा उपग्रह

"हलू नका! प्लीज... आहात तिथेच थांबा!"

गच्चीचं दार ढकलून मी जेमतेम एक पाऊल बाहेर टाकलं होतं. हातात डबा, एक पाय उंबरठ्याच्या आत, एक बाहेर. मी तशीच थांबले. समोर एक उंच, काटकुळा माणूस आभाळावर काहीतरी रोखून उभा होता. प्लास्टिकचा पाइप, त्याला सुताराच्या पिवळ्या मेजरटेपचे कापलेले तुकडे आडवे बांधलेले. जेवून उरलेल्या माशाचा काटाच जणू! आणि तो ते इतक्या हळुवारपणे फिरवत होता, की वाटावं, वर कुणी नुकतंच झोपलंय आणि त्याची झोप मोडता कामा नये.

"मी काय केलं?"

"काही नाही हो. ते दार पत्र्याचं आहे. हललं की सिग्नल जातो. म्हणजे... जातोच असं नाही. पण गेला तर?"

"आणि मी असं किती वेळ उभं राहायचं?"

"तो मावळेपर्यंत."

"कोण तो?"

"उपग्रह," तो म्हणाला. शेजारच्या काकांबद्दल बोलावं इतक्या सहज. "हवामानाचा. आत्ता आपल्या डोक्यावरून चाललाय. ऐकायचंय?"

त्याने इअरफोनचं एक टोक माझ्याकडे केलं. दुसरं त्याच्या कानात होतं. वायर आखूड, त्यामुळे दाराला धक्का न लावता पुढे सरकून मला अगदी जवळ उभं राहावं लागलं. कानात नुसती खरखर... आणि त्या खरखरीच्या आत कुणीतरी चालत असल्यासारखं टिक-टॉक, टिक-टॉक.

"बारीक होतोय आवाज," मी म्हटलं. "थोडं डावीकडे घ्या... अजून... हां, आता आला."

तो आ वासून माझ्याकडे बघत राहिला. "मला तर फरकच कळला नाही! तुम्ही करता काय?"

"कान तपासते. पहिल्या मजल्यावर, क्लिनिकमध्ये. दिवसभर लोकांच्या कानात शिट्ट्या वाजवते."

"आणि मी तिसऱ्या मजल्यावर. मोबाइलवरचे खेळ बनवतो. दिवसभर लोकांचा वेळ फुकट घालवतो."

मग त्याने मांडीवर लॅपटॉप उघडला आणि ती टिक-टॉक ओळीओळीने चित्र होऊन उतरायला लागली. करडे ढग, काळं पाणी, किनाऱ्याची वाकडी रेघ. "बघा, बघा! हे कुणी पाठवलेलं नाही आपल्याला. आपण पकडलंय!" तो लहान मुलासारखा हसला... आणि त्या 'आपण'मध्ये मी कशी काय शिरले, ते माझं मलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन पुन्हा गच्चीवर गेले. मोकळी हवा लागते जेवताना, असं मी स्वतःला सांगितलं.

मग रोजच जायला लागले. आठवड्याभरात तो म्हणाला, "हे अहो-जाहो बंद करूया का? त्यात फार वेळ जातो. तेवढ्यात उपग्रह निघून जातो." त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं असं एखादं कारण असे. तो कृष्णविवरांबद्दल बोले, जुन्या रेडिओंच्या व्हॉल्व्हबद्दल बोले, एका अंतराळ-मालिकेतल्या यंत्रमानवाबद्दल तर डोळ्यांत पाणी आणून बोले. तो यंत्रमानव म्हणे शेवटच्या भागात स्वतःची बॅटरी काढून देतो. मी ऐकत राही. अर्धं समजे, अर्धं नाही. पण बोलताना त्याची बोटं हवेत जे काही जोडत असत, ते बघायला मला आवडे.

आणि एक दिवस तो म्हणाला, "तुझ्यासारखा कान मी आजवर पाहिला नाही."

आता या वाक्याचं एखाद्या मुलीने करावं तरी काय? डोळे म्हणाला असता, हसणं म्हणाला असता तर गोष्ट वेगळी. पण कान! घरी आरशासमोर उभी राहून मी केस मागे घेतले आणि दोन्ही कान पाहिले. बरे होते. आईने विचारलं, "कान दुखतोय का गं?"

"नाही... म्हणजे, काय होतंय तेच कळत नाहीये."

तो कधीमधी क्लिनिकमध्येही उगवे. रिसेप्शनवरच्या ताई लगेच आत येऊन कुजबुजत, "आला बघ तुझा उपग्रह. घिरट्या घालतोय." मी ओढणी सारखी करून बाहेर जाई, तर हे महाशय गुडघ्यावर बसून आमच्या श्रवणयंत्रांच्या कपाटात डोकावत असत!

एकदा त्याने माझ्यासाठी भेट आणली. रंगीत कागदात गुंडाळलेली, हातात मावेल एवढी. मी मनातल्या मनात काय काय ठरवूनही टाकलं. कागद सोडवला तर आत एक छोटी सर्किटची पट्टी, तिच्यावर इवलासा हिरवा दिवा.

"मी रात्रभर बसून केलं. तुझा आवाज आला की हा दिवा लागतो."

"फक्त माझा?" मी हळूच विचारलं. दिवा लागला.

"छे, कुणाचाही. माइक साधाच आहे."

ताई कपात तोंड घालून हसत होत्या. मी हसावं की रडावं, या विचारात दिवसभर राहिले.

मग तो गुरुवार आला. आभाळ भरून आलं होतं, वारा गार सुटला होता. आम्ही पाण्याच्या टाकीला टेकून शेजारी शेजारी बसलो होतो. स्क्रीनवर ओळीओळीने एक प्रचंड पांढरा ढग उतरला. त्याने बोट ठेवलं. "आपण आत्ता याच्या खाली बसलोय. बरोब्बर इथे."

एवढ्या मोठ्या ढगाखाली आम्ही दोघंच. कसं कोण जाणे, माझ्या तोंडून हलकेच निघून गेलं, "मला तू आवडतोस..."

तो स्क्रीनकडे बघत होता.

"ढग छान आलाय," तो म्हणाला.

मी डबा उचलला आणि खाली आले. त्या दुपारी एका आजोबांच्या डाव्या कानाच्या श्रवणयंत्राचा साचा मी उजव्या कानात बसवायला गेले. तेच म्हणाले, "पोरी, बरं नाही का?"

नाही तर नाही म्हणायचं! 'माझ्या मनात तसं काही नाही' एवढं म्हणायला काय लागतं? पण ढग? की ते माझा मान राखणं होतं? की त्याच्या भाषेत तो होकारच होता? जितका विचार करावा तितका गुंता वाढत होता. मी गच्चीवर जाणं बंद केलं. एकदा तो खाली आला, तेव्हा मी पेशंट आहेत म्हणून निरोप पाठवला.

"भांडलात का?" ताईंनी विचारलं.

"भांडायला आधी काहीतरी असावं लागतं, ताई."

पण त्या अंतराळ-मालिकेच्या चाहत्यांचा रविवारी मेळावा होता, त्याचं आमंत्रण त्याने आम्हा दोघींना आधीच देऊन ठेवलं होतं आणि ताई ऐकेनात. "मला यंत्रमानव बघायचाय," म्हणाल्या आणि मला ओढतच घेऊन गेल्या. मोठा हॉल, चंदेरी कपडे घातलेली माणसं, हिरवे चेहरे, प्लास्टिकच्या बंदुका. गर्दीत तो लांबूनच दिसला. पत्रे आणि पुठ्ठे जोडून तो नखशिखान्त यंत्रमानव झाला होता, शिरस्त्राण काखेत. आणि शेजारी अंतराळयानाच्या कप्तानाच्या वेषातली एक सुंदर बाई त्याच्या गालावरचा चंदेरी रंग रुमालाने पुसत होती. मी परत फिरणार होते.

तरी मी गेले. त्याच्या मागून जाऊन हाक मारली. ऐकलं नाही. त्याच्या उजव्या खांद्याशी जाऊन पुन्हा मारली. तो ढिम्म! कप्तानबाईंनी मात्र मला पाहिलं.

"तू ती कानवाली का गं? मी याची मोठी बहीण. अगं, त्या बाजूने हाका मारून काय उपयोग? उजव्या कानाने ऐकू येत नाही त्याला. लहानपणी गालगुंड झालं होतं ना, तेव्हाच तो कान गेला."

मी त्याच्या उजव्या कानाकडे बघितलं.

"सांगितलं नाही त्याने? आणि तुझ्याही लक्षात आलं नाही? कमाल आहे! तू तर कानांचीच डॉक्टर ना?"

गुरुवारी टाकीला टेकून बसले होते, ती त्याच्या उजव्या बाजूला. म्हणजे त्याने नाही म्हटलंच नव्हतं. हो तरी कुठे म्हटलं होतं? त्याने ऐकलंच नव्हतं! रोज कान तपासणारी मी, आणि ज्याच्याकडे सगळ्यात जास्त बघितलं त्याचाच कान मला दिसला नव्हता.

तेवढ्यात तो वळला. त्याचा सगळा चेहरा उजळला. "तू आलीस!"

"मी... मला... गॅस चालू राहिलाय घरी!" असं काहीतरी बरळून मी चक्क पळाले. ताई मागे राहिल्या. त्यांनी म्हणे यंत्रमानवाबरोबर फोटो काढून घेतला.

सोमवारी पहिलाच पेशंट म्हणून तो समोर येऊन बसला. गालावर अजून थोडा चंदेरी रंग होता.

"कान तपासायचाय," तो म्हणाला.

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की लोक ओरडून बोलायला लागतात. आणि तू... तू तर माझी फाइलच उघडली असतीस. मला तुझा पेशंट व्हायचं नव्हतं."

"मग काय व्हायचं होतं?"

त्याने टेबलावरचा पेपरवेट उचलला, फिरवला, खाली ठेवला. "ते अजून नीट जुळवलेलं नाही मी. यंत्रांचं बरं असतं गं, कुठली वायर कुठे जाते ते कळतं. तुझ्यापुढे मला काही म्हणजे काही कळत नाही. तू गच्चीवर यायची थांबलीस, तेव्हा दोन दिवस मी त्या मेजरटेपच्या एरियलमध्ये दोष शोधत होतो."

मला हसू आलं. म्हणजे गोंधळ एकटीचा नव्हता तर!

"दीदी म्हणाली, तू पळालीस ते चेहरा पांढराफटक करून. उजवीकडून मला काही बोलली होतीस का?"

"हो."

"काय?"

"खोलीत जाऊन बस. हेडफोन लाव."

तपासणीची खोली म्हणजे मऊ भिंतींची एक पेटी. मध्ये काच. काचेपलीकडे तो, अलीकडे मी आणि माझा माइक. "मी एकेक शब्द म्हणेन. जसा ऐकू येईल तसा परत म्हणायचा. आधी उजवा कान." ओठांपुढे कागद धरला आणि उजव्या बाजूचं बटण दाबून, हळू आवाजात, मी ते वाक्य एकदा म्हणून घेतलं. सरावाला. तो शांतपणे काचेकडे बघत राहिला.

मग डावं बटण दाबलं.

"खिडकी."

"खिडकी."

"मीठ."

"मीठ."

मी कागद आणखी वर धरला.

"मला तू आवडतोस."

मग त्याने हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट दाबला, जणू तो आवाज निसटून जाईल. "मला तू..." इथे तो अडला. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "...आवडतेस."

"चुकलं," मी म्हटलं. "मी 'आवडतोस' म्हटलं होतं. जसंच्या तसं म्हणायचं असतं."

"ऐकू तेच आलं. पण मी म्हणायचं तर असंच म्हणावं लागेल ना?"

मी कागद खाली ठेवला. दारावर ताईंची टकटक झाली, "आवरलं का गं? बाहेर दोन आजी थांबल्यात." आम्ही दोघंही उठलो नाही.

"परत एकदा म्हण," तो काचेपलीकडून म्हणाला.

"का? नीट ऐकू नाही आलं?"

"आलं," तो म्हणाला. "म्हणूनच."