साध्या तळ्यातली हळद

बांधावर वाकून कुणीतरी आमच्या मत्स्यखाद्याच्या पोत्यात नाक खुपसलंय, हे दिसल्यावर मी सरळ जाळ्याची काठी उगारली. तो दचकून उभा राहिला. "चोर नाही मी… संशोधन केंद्रातून आलोय," म्हणाला. अंगाला लसणाचा असा भपकारा होता की मला हसूच फुटलं. त्या दिवसापासून माझ्यापुरता तो लसूणवाला.

लसूण, हळद आणि शेवग्याचा पाला खाद्यात मिसळला तर मासे जोमाने वाढतात का, रोगाशी झुंजायची ताकद येते का, हे त्याला बघायचं होतं. आमची दोन तळी त्याने मागून घेतली. एकात औषधी खाद्य, ते काम माझं. दुसऱ्यात साधं, ते बाबांचं. मग वरचेवर जाळं टाकायचं, मासे तोलायचे. तो काटा धरायचा, मी मासा… आणि मासा निसटला की दोघांचे हात एकदमच पाण्यात.

"लक्ष कुठे असतं तुमचं?" तो विचारायचा.

"काट्यावर," मी म्हणायची. धडधडीत खोटं.

पण दोन्ही तळ्यांतले मासे सारखेच वाढत होते. त्याचा चेहरा उतरत गेला आणि माझी झोप उडाली, कारण पाल्यात काही दम नाही असं लिहून देऊन तो कायमचा जाणार होता.

जायच्या दिवशी सकाळपासून माझा पाय एका जागी ठरेना. घासलेली भांडी पुन्हा घासली. बाबांना चहा दिला, तेव्हा त्यांची नखं दिसली… पिवळीधमक. "साध्या खाद्यात हळद कुठली?" मी विचारलं.

बाबांनी मान खाली घातली. मागच्या वर्षी रोगाने अर्धं तळं मेलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. "एकाला औषध आणि दुसऱ्याला नुसतंच — नाही जमलं गं मला. तुझ्या पोत्यातलं मूठ मूठ टाकत होतो."

सांगावं तर बाबांची शोभा होणार. गप्प बसावं तर तो जाणार, तेही स्वतःला नापास समजून. माझी घालमेल बाबांनीच ओळखली. जा, सांग त्याला, म्हणाले. मी अनवाणीच धावले.

तो फाटकापाशी स्कूटरला पिशवी अडकवत होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तो तिथल्याच दगडावर मटकन बसला.

"म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून."

"हो."

"तुम्हाला फारसं वाईट वाटलेलं दिसत नाही."

"नाहीच वाटलं. तुम्ही जाणार याचं वाटत होतं… मला आवडता तुम्ही. मासे वाढोत न वाढोत, जायचं नाही."

तो उठून स्कूटरकडे वळला. माझा जीव टांगणीला.

"मासे महिन्यातून एकदा तोलले तरी चालतं," तो म्हणाला. "मी दर चार दिवसांनी काटा घेऊन येत होतो, ते काय माशांसाठी?"

पिशवी काढून त्याने माझ्या हातात दिली. हात मात्र काढून घेतला नाही.