नारिंगी पावलं

सकाळी सात वाजता तेजल चौगलेने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि रोजचा गोठा बदलून गेला. सात म्हशी, शेणाची पाटी, पेंडीची पोती जागच्या जागी होती, पण सगळ्यावर निळ्या रेघा उमटल्या होत्या. दावणीच्या काठावरून, खांबावरून, भिंतीच्या फटीतून आतबाहेर, लहान पोराने खडूने गिरगटून ठेवावं तशा. या सगळ्या उंदरांच्या वाटा होत्या.

"किती हायत गं?" धारेची बादली घेऊन आलेल्या आईने विचारलं.

"नको विचारू. झोप लागायची नाही तुला."

महिन्यापूर्वी पशुवैद्य मुल्ला मॅडमनी गावातल्या चाळीस गोठ्यांत कणकेच्या गोळ्या ठेवल्या होत्या. गोळ्या विषारी नव्हत्या. विष घातलं की घुबडं मरतात, मांजरं मरतात, आणि उरलेले उंदीर शहाणे होतात. या गोळ्यांत दीप्तिकण होते. उंदराने गोळी खाल्ली की ते त्याच्या लघवीतून बाहेर पडायचे, आणि या चष्म्यातून ती भरदिवसाही निळी चमकायची. कणांना प्रतिपिंडं जोडलेली होती. लेप्टोचे, म्हणजे माणसाला ताप आणणारे आणि जनावरांचा गाभ पाडणारे जंतू भेटले की त्यांचा रंग नारिंगी व्हायचा. उंदीर स्वतः आजारी पडत नाही, मॅडम सांगायच्या, जंतू त्याच्या मूत्रपिंडात भाड्याशिवाय राहतात.

गावाला चष्मा एकच, दर घराला एक दिवस. तेजलने शाळेत हट्ट धरून हे काम मागून घेतलं होतं, त्यामुळे पहिली पाळी तिच्याच घराची होती. पण ती उंबऱ्यावरच अडकली होती. मॅडमनी बजावलं होतं, अनवाणी आत जायचं नाही. आणि ओट्यावर आप्पा बसले होते, तिचे आजोबा.

"पायताण बाहेर," ते म्हणाले. "लक्ष्मीचं घर हाय ते. तुझ्या चष्म्यात तेवढं दिसत न्हाई वाटतं."

चौगल्यांच्या गोठ्यात आजवर कुणी चप्पल घालून गेलं नव्हतं. शेजारच्या गोठ्यांतही कुणी जात नसे.

मग तिने बाहेरूनच मान लांब केली. कोपऱ्यात, चंपी म्हैस बांधलेली होती तिथे, निळ्या रंगात पहिला नारिंगी डाग दिसला. त्याच्या शेजारी दुसरा. मग अख्खा कोपराच नारिंगी. गेल्या पंधरवड्यात चंपीने सात महिन्यांचा गाभ टाकला होता. नजर लागली, असं आप्पा म्हणाले होते. आईने सगळं हातांनी आवरलं होतं, ओल्या फरशीवर तासभर उभं राहून.

नारिंगी रंग कोपऱ्यात थांबला नव्हता. तो उंबऱ्याकडे येत होता, आणि त्याला बोटं होती. पाच बोटं, मग टाच. तेजल त्या पावलांमागून निघाली. अंगण, पायरी, स्वयंपाकघर, शेगडीपर्यंत जाऊन परत. पावलं जिथे संपली, तिथे आई उभी होती. तिच्या टाचांना नेहमीच्या भेगा होत्या आणि प्रत्येक भेग रंगाने भरली होती, नकाशातल्या नद्यांसारखी.

"आई, तुला ताप आहे?"

"अंग मोडून आलंय दोन दिस. भिजले ना परवा."

"डोळे लाल दिसतायत."

"धुरानं."

"गॅसवर कसला धूर? आणि पोटऱ्या?"

आई पोटरी दाबत म्हणाली, "दुखत्यात. शिडी चढल्यागत."

तेजलने मुल्ला मॅडमना फोन लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, "मी जनावरांची डॉक्टर आहे बाळा. तिला आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात ने. उद्या नाही."

"आधी धार काढू दे," आई म्हणाली. "सात म्हशी तटून हायत."

तेजल भांडली नाही. एरवी ती भांडलीच असती, आणि मोठ्या आवाजात. तिने चष्मा काढला आणि न विचारता आप्पांच्या नाकावर ठेवला.

आप्पांनी गोठा पाहिला. अंगण पाहिलं. मग सुनेच्या पायांकडे पाहिलं आणि बराच वेळ तिथेच पाहत राहिले. चष्मा काढून धोतराने पुसला, पुन्हा घातला. रंग गेला नाही.

"बादली हिकडं दे," ते म्हणाले. "तू जा दवाखान्यात. धार मी काढतो."

उंबऱ्याशी ते थबकले. खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग घरात जाऊन उसाला पाणी पाजताना घालायचे गमबूट घेऊन आले, देव्हाऱ्यातली हळदकुंकवाची कोयरी आणली, आणि दसऱ्याला खुरप्या-विळ्यांना लावतात तसं दोन्ही बुटांना हळदकुंकू लावलं. हात जोडले. बूट घातले आणि आत गेले.

आईचं निदान संध्याकाळी पक्कं झालं. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं वाचतील. 'वाचतील' हा शब्द तेजलने रात्रभर मनात धरून ठेवला.

दुसऱ्या सकाळी ती चष्मा परत द्यायला दूध संस्थेत गेली. मॅडम अजून आल्या नव्हत्या. किटल्या घेऊन बायकांची रांग लागली होती. चष्म्याची पुढची पाळी पल्लवीकाकूंच्या घराची, त्या रांगेत शेवटून दुसऱ्या उभ्या होत्या. सगळ्यांच्या पायांत चपला होत्या, पण गोठ्यातून येऊन मगच घातलेल्या. तेजलने चष्मा लावला.

निळी टाच. निळी. नारिंगी. निळी. नारिंगी, नारिंगी. चाळीस घरं, चाळीस दिवस.

"काय गं, आई बरी हाय न्हवं?" पल्लवीकाकूंनी हाक मारली. एक हात किटलीवर, दुसरा सातव्या महिन्याच्या पोटावर. "आणि आप्पांनी बुटांची पूजा केली म्हणं? हसून हसून पुरेवाट झाली आमची."

रांगेत खसखस पिकली. तेजल काकूंच्या नारिंगी पायांकडे पाहत होती.

"काय बघतीस एवढं? जोडवी नवी हायत," काकू म्हणाल्या.

तेजलने चष्मा काढला. जोडवी खरंच नवी होती, चकचकीत. तिने काकूंच्या हातातली किटली आपल्याकडे घेतली आणि जवळ जाऊन, रांगेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं,

"काकू, तुमच्या पोटऱ्या दुखतात का?"