इंचभर चौकोन

आपली बायको गेली एकतीस वर्षं थुंकीवर पोट भरते, असं ॲन्सेल स्टेबिन्स चारचौघांत सांगायचा, आणि पाहुण्यांचे चेहरे पडले की वर्ना शांतपणे खुलासा करायची. त्यात खोटं काहीच नव्हतं. जुन्या तैलचित्रावर चुलीच्या धुराचा आणि दिव्याच्या काजळीचा जो थर बसतो, तो काढायला माणसाच्या थुंकीइतकं सौम्य दुसरं काही तिला अजून सापडलेलं नव्हतं. बांबूच्या बारीक काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, चित्रावर हलक्या हाताने गोल फिरवायचा, मळला की बरणीत टाकायचा आणि नवा घ्यायचा. नियम एकच. चित्राला लागलेला कापूस पुन्हा तोंडात जाता कामा नये. जुन्या रंगांत शिसं असतं, पारा असतो, आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला वर्ना हे पहिल्याच दिवशी दटावून सांगायची.

कनेक्टिकट नदीकाठचं ते छोटं संग्रहालय जानेवारीपासून मार्चअखेर बंद असतं. तेवढ्या काळात दोनच माणसं तिथे नियमित येत: वर्ना, आणि सगळ्या चित्रांच्या नोंदी ठेवणारा ड्वाइट पॉमरॉय. वरच्या मजल्यावर उत्तरेकडच्या तीन खिडक्यांची खोली वर्नाची. त्या वर्षी चित्र टेकवायच्या तिच्या लाकडी घोडीवर इलेक्टा बार्डवेल होती, सन अठराशे सदतीसमध्ये रंगवलेली.

काळा रेशमी झगा, पांढरी जाळीदार कॉलर, मांडीवर ठेवलेले हात. पाठीमागे पडदा सारलेला, आणि खिडकीतून दिसणारी हीच नदी, गोठलेली, पलीकडे गवताची कुरणं आणि एक कोठार. व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र एकाच कापडावर. चित्रकार गावोगाव फिरून घरं गाठणाऱ्यांपैकी होता. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नव्हतं. नातीच्या हातची एक चिठ्ठी मात्र फायलीत होती. इलेक्टाचा नवरा पलीकडच्या काठावर आजारी पडला होता. मार्च महिना, होडी चालत नव्हती. ती बर्फावरून पायी निघाली. मध्यावर बर्फ फुटला. चौथ्या दिवशी तिचं प्रेत सापडलं, आणि शेजारी उतरलेल्या चित्रकाराला बोलावून आणलं. त्या काळी मेलेल्या माणसाचं चित्र काढून घेणं हे शवपेटी बनवून घेण्याइतकंच रीतीचं होतं.

"पावणेदोनशे वर्षांत हिचं तोंड कुणी धुतलेलं नाही," कॅमेरा लावता लावता ड्वाइट म्हणाला. "पहिली आंघोळ तुझ्या हातची."

"तू दिवे नीट लाव आधी. मागच्या फोटोत सगळ्यांना कावीळ झालेली."

कामाची सुरुवात नेहमी एका चौकोनापासून होते. कुठेतरी इंचभर जागा पुसायची आणि खाली काय आहे ते बघायचं. याला या कामातले लोक खिडकी उघडणं म्हणतात. वर्नाने डाव्या गालावर उघडली. भोवताली चहाच्या डागासारखा तपकिरी, म्हातारा चेहरा, आणि मधोमध सरळ कडांच्या चौकोनात तिशीतल्या बाईची गुलाबी कातडी.

"अरेच्चा," ड्वाइट म्हणाला, "ही तर तरणीताठी निघाली."

ॲन्सेल नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात होता. चाळीस वर्षं त्याने खोऱ्यातल्या प्रत्येक चर्चचा आणि शाळेचा पियानो सुरात लावला होता. आता त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. आधी रस्ते गेले, मग नावं, मग चेहरे. गेल्या पानगळीत त्याने वर्नाकडे बघून परिचारिकेला विचारलं होतं, या बाई कोण. पण वर्ना बोलली मात्र, तसा तो हसला. "अगं, तूच होय!" कान शाबूत होता. तेव्हापासून ती रोज बारा वाजता त्याला फोन करायची आणि बुधवारी नि रविवारी पूल ओलांडून जायची. त्याच्या हनुवटीला अंडं लागलेलं असलं की रुमालाचं टोक जिभेला लावून पुसायची, आणि तो लहान मुलासारखा तोंड वर करायचा. मूलबाळ नव्हतं. आपला आवाज तेवढा त्याच्या जगात शिल्लक आहे आणि तोही गेला तर आपण असून नसल्यासारख्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची तिला भीती वाटायची.

चूक झाली ती फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, भर दुपारी. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला होता, हात इलेक्टाच्या ओठांवर चालू होता. ॲन्सेल खुशीत होता. एका चर्चच्या पियानोत उंदरीण व्याली होती आणि पाद्रीबाबा सबंध प्रार्थनाभर खालच्या सप्तकाला घाबरून होते, ती गोष्ट तो शंभराव्यांदा सांगत होता. वर्ना खळखळून हसली आणि हसता हसता हातातली काडी तोंडात घातली. वापरलेली.

व्हार्निशची चव तिला माहीत होती, काजळीचीही. ही ती नव्हती. गार, लोखंडासारखी, नदीच्या तळच्या चिखलाची. तिने कापूस थुंकला, थर्मासमधल्या कॉफीने चूळ भरली आणि ड्वाइटला काही सांगितलं नाही. एकतीस वर्षांनंतर नवख्या पोरीची चूक, कुठल्या तोंडाने सांगणार? पण दिवसभर एक विचार तिला सोडेना, की आज आपण कुणाचं तरी उष्टं खाल्लं.

"सर्दी झाली का गं?" दुसऱ्या दिवशी ॲन्सेलने विचारलं. "आवाज अर्धी पट्टी उतरलाय."

"कुठे काय. ठणठणीत आहे मी."

"माझ्या कानाला शिकवू नकोस, बाई."

शुक्रवारी तो म्हणाला, एक पट्टी.

त्याच आठवड्यात तिचं तोंड कोरडं पडायला लागलं. पेल्यामागून पेले पाणी पिऊनही कापूस जिभेवरून जेमतेम दमट होऊन निघायचा. डॉक्टरांनी घसा बघितला, गाठी चाचपल्या आणि वयाकडे बोट दाखवलं. चित्रावर थुंकीऐवजी लावायचं तयार रसायन बाटलीत होतं, तिने ते लावून पाहिलं. मळ हलेना. स्वतःच्या थुंकीचा एक थेंब मोठ्या मुश्किलीने गोळा करून लावला, तर काजळी लोण्यासारखी निघून आली. त्या दिवशी तिने ओठ पुरे केले आणि काडी खाली ठेवली.

ओठ चकाकत होते. ताज्या पुसलेल्या जागेला थोडा वेळ ओल असते, म्हणून तिने तासभर थांबून, डबा खाऊन पुन्हा बघितलं. मग एक कोरी, कोरडी काडी घेतली आणि खालच्या ओठाला टेकवली.

कापूस भिजून आला.

"पहिल्या दिवसाच्या फोटोत ओठ घट्ट मिटलेले आहेत," ड्वाइट पडद्यावर दोन फोटो शेजारी लावून म्हणाला. "आता मध्ये काळी फट दिसतेय."

"मळ निघाला की फट दिसणारच."

"तेच. तूच शिकवलंयस." त्याने पडदा बंद केला. "तुझा घसा कधी बरा होणार? कुणी परकीच बाई बोलतेय असं वाटतं."

मार्चच्या पहिल्या सोमवारी बारा वाजता तिने नेहमीप्रमाणे फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"मी रे. वर्ना."

मग ॲन्सेल अत्यंत सभ्यपणे, चर्चमधल्या अनोळखी बायकांशी बोलायचा तशा सुरात म्हणाला, "नाही हो. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. वर्नाचा आवाज मला ठाऊक आहे. सकाळीच बोललो आम्ही."

फोन परिचारिकेने घेतला. वांडा तिचं नाव, पोलिश घरातली, मनाने चांगली.

"वांडा, सकाळी कुणाचा फोन आला होता?"

"मिसेस स्टेबिन्स? अहो, तुमचाच की. सातला. मीच दिला त्यांना. तेव्हा तर आवाज छान मोकळा होता तुमचा, आता पुन्हा बसला वाटतं."

सात वाजता वर्ना दारापुढे गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. फोन आत स्वयंपाकघरात, भिंतीवर.

तिने रिसीव्हर ठेवला. माणसाचं डोकं अशा वेळी हाताशी असलेल्या कामाकडे धावतं. तिने ड्वाइटला वर बोलावलं आणि म्हणाली, चित्राची जुनी नोंद वाच, ओळ न् ओळ. दर वर्षी ते असंच करत. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघून 'आहे' म्हणायचं.

"कॉलर, उजवीकडे बारीक तडा."

"आहे."

"हात, डाव्या अंगठ्याजवळ रंग उडालेला."

"आहे."

"खिडकीतली नदी. बर्फात मध्यभागी काळं भोक, अंगठ्याच्या नखाएवढं."

वर्ना चित्रावर वाकली.

"वर्ना?"

नदीचा भाग तिने अजून पुसलेलाच नव्हता. वरचा तपकिरी थर जसाच्या तसा होता, माशीचे ठिपकेसुद्धा. त्याखाली बर्फ या काठापासून त्या काठापर्यंत सलग होता.

ड्वाइटने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चित्राच्या अगदी जवळ गेला आणि मग दोन पावलं मागे आला.

"नोंद चुकली असेल," तो म्हणाला.

"नोंद तूच केलीयस. सहा वर्षांपूर्वी. मी शेजारी उभी होते."

तिने कोट घेतला.

पुलावर गाडी तिने सावकाश चालवली. खाली नदी पांढरी होती. अजून आठवडाभरात फुटेल असं लोक म्हणत होते.

शुश्रूषागृहाच्या दारात वांडा फरशी पुसत होती. दारापासून कॉरिडॉरभर पाण्याचे ठसे होते, एकेका पावलाचे, मध्ये झग्याची किनार ओढत गेल्यासारखा पट्टा.

"पुन्हा आलात? काही विसरलं का?" वांडा म्हणाली. "मघाशी हाक मारली तुम्हाला. पाठमोऱ्याच निघून गेलात."

वर्नाने काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती.

ठसे ॲन्सेलच्या खोलीपर्यंत होते.

तो खिडकीपाशी बसला होता, दुपारचं ऊन अंगावर घेत, उजवी बाजू दाराकडे. बऱ्याच दिवसांत इतका शांत दिसला नव्हता.

"ॲन्सेल." जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखता आला नाही.

"या," तो मान न वळवता म्हणाला. "ती खुर्ची नका घेऊ, ओली आहे. पलीकडची घ्या. माझी बायको आत्ताच गेली."

"काय... काय म्हणत होती?"

"फार लांबून आली बिचारी. गारठली होती नुसती. म्हणाली, इकडे यायला इतके दिवस वाट सापडत नव्हती." तो हसला. "आता रोज येणार आहे."

वर्ना त्याच्याजवळ गेली. गुडघ्यांवर बसली. त्याचा हात हातात घेतला, तो त्याने आढेवेढे न घेता दिला, परक्या माणसाला देतात तसा.

"आणखी काय केलं तिने?"

"नेहमीचंच. तोंड पुसलं माझं. जिभेला लावून." तो लहान मुलासारखा चेहरा वर करून तिच्याकडे वळला.

डाव्या गालावर इंचभर चौकोन होता. कडा सरळ. भोवती त्र्याऐंशी वर्षांच्या सुरकुत्या, डाग, पांढरे खुंट. आणि चौकोनात तिशीतल्या माणसाची घट्ट, उजळ कातडी. तिच्या मधोमध वस्तऱ्याची एक बारीक रेघ. लग्नाच्या सकाळी घाईत दाढी करताना कापलं होतं ते, चर्चच्या पायरीवर वर्नाने स्वतःच्या रुमालाने टिपलं होतं. रेघ अजून ओली होती.

"उरलेलं उद्या पुसते म्हणाली," ॲन्सेल म्हणाला.