दुसऱ्या मजल्यावरचा वास

दार उघडताच भावजींनी रुमाल नाकाला लावला. वहिनींनी लावला नाही. समोर घरधनीण उभी असताना नाक झाकणं त्यांच्या जिवावर आलं.

वास मात्र भयंकर होता. काहीतरी सडून त्याला पाणी सुटावं, तसा.

ही इमारत एके काळी नावाजलेलं हॉटेल होती. आता खाली दुकानं, वर घरं. दुसऱ्या मजल्यावर मावशी एकट्याच राहत.

"तुम्ही चोर शोधून देता म्हणे," मावशी म्हणाल्या. "मला हा वास शोधून द्या. महिना झाला. सोमवारी सोसायटीची बैठक आहे. तोवर गेला नाही, तर मुलगा मला वृद्धाश्रमात ठेवणार."

तेवढ्यात मुलगाच आला. हात न लावता त्याने बूट पायांतून झटकले आणि आत येऊन कपाळाला आठ्या घातल्या.

"गुप्तहेर कशाला, आई? वय झालं की होत नाही स्वच्छता. त्यात लाज कसली?"

वहिनींनी फरशीवरून बोट फिरवलं. धुळीचा कण लागला नाही. मोरी कोरडी, ओटा लख्ख. दारालगतच्या भिंतीला एक भलंमोठं नवं कपाट होतं.

"मुलानेच आणून दिलं," मावशी कौतुकाने म्हणाल्या. "जागाही त्यानेच ठरवली. माझ्याच्याने तर हलतसुद्धा नाही."

"उंदीर मेला असेल, वहिनी," बाहेर पडताना भावजी म्हणाले.

"एक उंदीर महिनाभर मरत राहतो का, भावजी?"

हॉटेलच्या जुन्या भोजनगृहात आता मासळीचं दुकान होतं. मासळीवाला प्रश्न ऐकण्याआधीच तडकला. "वास आला की धरा मला! माझा कचरा रोज गाडीत जातो. कोळंबीची डोकी तेवढी लोक मांजरांसाठी मागून नेतात. कोण नेतं ते मी कशाला लक्षात ठेवू?"

शेजारच्या घरात सोसायटीचे सेक्रेटरी राहत. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "मावशींचं घर मला हवंय. भिंत पाडून एक करीन म्हणतो. मुलगा तयार आहे, मावशीच अडून बसल्यात."

त्यांच्या दाराजवळ भिंतीत, अगदी खाली, एक कप्पा होता. त्यात दुधाच्या पिशव्या होत्या.

"हे काय?" भावजींनी वाकून पाहिलं.

"हॉटेलच्या काळातली गंमत! पाहुणे रात्री यात बूट ठेवायचे. नोकर व्हरांड्यातून काढायचा, पॉलिश करून परत ठेवायचा. दोन दारं, एक आतून, एक बाहेरून. प्रत्येक खोलीला होता. बहुतेकांनी बुजवले."

परत येऊन वहिनींनी मावशींना बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली. "मुलगा रोज येतो?"

"रोज. जाताना म्हणतो, आई, दार लावून घे, वास बाहेर जातो. मग बाहेर बसून बुटांच्या नाड्या बांधतो. गुडघे दुखतात बिचाऱ्याचे, वेळ लागतो."

वहिनींनी नव्या कपाटाकडे एकवार पाहिलं. मग म्हणाल्या, "भावजी, सगळ्यांना व्हरांड्यात बोलवा."

मुलगा, सेक्रेटरी, मासळीवाला जमले. मावशी उंबरठ्यात उभ्या राहिल्या.

"वास घरात आहे, पण घरातला नाही," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "मावशींच्या भिंतीतही बुटांचा कप्पा असणार. आतलं दार नव्या कपाटामागे गेलं. बाहेरचं इथे आहे." त्यांनी भिंतीतल्या लाकडी फळीकडे बोट दाखवलं. तिच्या कडेने नवीकोरी रबरी पट्टी बसवलेली होती. "वास व्हरांड्यात न येता सगळा आत जावा, म्हणून ही."

"सेक्रेटरींचंच काम!" भावजी म्हणाले. "घर त्यांना हवंय."

"तसं असतं तर प्रत्येक खोलीला कप्पा होता, हे त्यांनी आपणहून सांगितलं असतं का? हे काम रोज इथे खाली बसणाऱ्याचं. नाड्या बांधायला. भावजी, यांचे बूट बघा."

मुलाच्या बुटांना नाड्या नव्हत्याच. बाजूला इलॅस्टिक होतं.

वहिनींनी फळी ओढली. आतल्या पिशवीत कोळंबीची डोकी होती, आणि ती हलत होती. अळ्यांनी. भावजी तोंड दाबत जिन्याकडे पळाले. मासळीवाल्यानेही मान फिरवली. वहिनी त्या पिशवीकडे बघू शकल्या. मुलाच्या तोंडाकडे त्यांच्याने बघवेना.

"आई, तुझ्या भल्यासाठीच... एकटी राहतेस..."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी वहिनींचा हात धरला.

"म्हणजे माझ्या अंगाला येत नव्हता ना?" त्यांनी विचारलं. "हा म्हणायचा, आई, तुझ्याच अंगाचा आहे. चार-चारदा आंघोळ करायची मी. नातवाला जवळ घ्यायचं सोडलं होतं."

"नाही, मावशी. कधीच नव्हता."

मावशींनी डोळे पुसले. मग मुलाला म्हणाल्या, "तू आता येऊ नकोस. पोराला पाठवून दे."